शिओमी गावाची सात घरं

माझं नाव ओगाइतो शिगेझो. क्योतोतल्या निशिजिनच्या विणकरवस्तीत मी छत्तीस वर्षं नक्षीचे कागद रंगवले. किमोनोवर कमरेला बांधायचा रुंद पट्टा म्हणजे ओबी. त्यावर बगळे, लाटा, शेवंती, जे काही विणायचं असेल ते आधी चौकटीच्या कागदावर उतरवावं लागतं. एक चौकट म्हणजे उभा आणि आडवा धागा एकमेकांना भेटतात ती जागा. कुठल्या चौकटीत कुठला रंग, ते मी बारीक ब्रशनं भरायचो. एका बगळ्याला महिना जायचा. मग कागद मागावर जायचा, कापड व्यापाऱ्याकडे आणि ओबी कुणाच्या तरी कमरेला. मी काढलेला ओबी बांधलेली बाई मला रस्त्यात कधी दिसली नाही.

लग्न केलं नाही. आईला सांभाळत राहिलो. ती लहानपणापासून मागावर बसलेली, त्या खडखडाटानं तिचे कान गेले होते. त्यामुळं घरात ओरडून बोलायची मला सवय. ती गेल्यानंतरही मी कधीकधी स्वयंपाकघरातून मोठ्यानं विचारायचो, "चहा ठेवू का?" आणि मग लक्षात यायचं, की आता ऐकायला बहिरं माणूससुद्धा नाही.

एक्क्याण्णव सालच्या मार्चमध्ये आमच्या मालकांनी कॉम्प्युटर घेतला. कागदाची गरज संपली. मालकांनी मला आत बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, "ओगाइतोसान, इतकी वर्षं तुम्ही फार साथ दिलीत." क्योतोत असं बोलणं सुरू झालं, की पुढचं ऐकायला थांबायचं नसतं. मी चहा संपवला, वाकून नमस्कार केला आणि ब्रश घेऊन घरी आलो.

तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो.

पुढच्याच आठवड्यात सवयीनं कागदाच्या दुकानात गेलो. काम नव्हतं, तरी गेलो. तिथं विस्कटलेल्या केसांचा, पायात चपला घातलेला एक तरुण चौकटीच्या कागदाचे पाच गठ्ठे काखेत मारून निघाला होता. हा कागद आम्हा नक्षीवाल्यांशिवाय कुणी घेत नाही. मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"कुठल्या मागासाठी?" मी विचारलं.

"माग नाही हो. राक्षसांसाठी."

त्याचं नाव कुवाबारा. टीव्हीला जोडून खेळायचे खेळ बनवणारी त्याची छोटी कंपनी होती, दोन गल्ल्या सोडून, सुताच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या माडीवर. तो म्हणाला, "आमच्या खेळातली चित्रंही अशीच चौकटी भरून काढतात. पण आमच्यात कुणाला येतंय? मी ड्रॅगन काढला, तर सगळे विचारतात, हा बटाटा कशाला?"

मी त्याचा गठ्ठा खाली ठेवला, दुकानदारणीची पेन्सिल मागून घेतली आणि सोळा बाय सोळा चौकटींत एक बगळा काढून दाखवला. त्यानं तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "तुम्ही उद्या सकाळी काय करताय?"

ज्या यंत्रानं माझं काम गेलं, त्याच यंत्रासाठी मी दुसऱ्या दिवशीपासून काम करायला लागलो.

माडीवर माझ्यासकट अकरा जण होते. माझ्यानंतरचा सगळ्यात मोठा तो कुवाबारा, तीस वर्षांचा. मी कागदावर चित्र रंगवायचो आणि कुणीतरी ते एकेक चौकट करून यंत्रात भरायचं. पहिला महिना माझे राक्षस पाहून सगळे हसत.

"ओगाइतोसान, अहो हा राक्षस आहे, नवरीचा ओबी नाही!" कुवाबारा ओरडायचा. "एवढ्या देखण्या प्राण्यावर तलवार उगारायला कुणाचा हात उठेल? जरा कुरूप करा."

"कुरूप कधी काढलं नाही," मी म्हणायचो.

"मग आरशात बघून काढा, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघून."

माणूस चांगला होता. सगळीच पोरं चांगली होती. पण ती एकमेकांशी ज्या गोष्टी बोलत, त्यातल्या निम्म्या मला कळत नसत, आणि मी बोलायला लागलो की ती हातातलं काम सोडून फार आदरानं ऐकत. आदरानं ऐकणाऱ्या माणसांपुढे फार बोलता येत नाही. डबा मी जिन्यावर बसून खायचो.

जिन्यावर आणखी एक जण बसायचं. नाराझाकी मिओ. वय पंचवीस असेल. खेळाची गोष्ट ती लिहायची. ती वरच्या पायरीवर, मी खालच्या. पहिले दोन महिने आम्ही "आज थंडी आहे", "हो ना, आहे" याच्या पलीकडे गेलो नाही.

खेळाची गोष्ट अशी होती. समुद्राकाठी शिओमी नावाचं सात घरांचं गाव. मिठाच्या राजानं आसपासचे सात प्रदेश खारवून टाकलेत. तिथं काही उगवत नाही. गावातला एक तरुण निघतो, वाटेत तीन सोबती मिळवतो, एकेका गुहेत उतरून एकेक प्रदेश सोडवतो. इथपर्यंत कुवाबाराला सगळं पसंत होतं. पुढचं त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. नायक एक प्रदेश सोडवून गावात परत येतो, तर गावातलं एक घर रिकामं झालेलं असतं. का, तर त्यानं जमीन सोडवली. आता तिथं चांगलं पिकतं, म्हणून ते कुटुंब तिकडं राहायला गेलं. दुसरा प्रदेश सोडवला की दुसरं घर. सात प्रदेश, सात घरं.

"म्हणजे पोरगं जीव तोडून जिंकणार आणि बक्षीस काय, तर ओसाड गाव?" कुवाबारानं सगळ्यांसमोर विचारलं. "लहान मुलं खेळणार आहेत हे, नाराझाकीसान. रडतील ती."

"रडू देत," ती म्हणाली.

"वाईट कोण आहे यात? गाव कुणी रिकामं केलं?"

"कुणीच नाही. म्हणून तर."

त्या दिवशी जिन्यावर मी तिला विचारलं, की हे कुठून सुचलं. तिनं डब्याचं झाकण लावलं. तिचं गाव डोंगरात होतं, म्हणाली. तिथं धरण झालं.

"गाव बुडालं?"

"बुडालं, पण ते नंतर. आधी रिकामं झालं. बुडायला एक दिवस लागला, रिकामं व्हायला सहा वर्षं. मी शाळेतून यायचे तर वाटेत एखादं घर कमी. कुणी रडत नव्हतं. सगळ्यांना शहरात नवी घरं मिळत होती, न्हाणीघरासकट. आजी तेवढी म्हणायची, मी शेवटी जाईन."

"मग गेल्या?"

"जेवण झालं का तुमचं?" ती म्हणाली आणि उठली.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात भांडणाचं खरं कारण पुढं आलं. खेळ ज्या कॅसेटमध्ये भरायचा, तिच्यात जागा मर्यादित. गाव आठ वेळा दाखवायचं, दर वेळी एक घर रिकामं, म्हणजे पडकी भिंत, मोडकं छप्पर, वाढलेलं गवत, सगळी नवी चित्रं. एवढी जागा नव्हती. कुवाबारानं फळ्यावर हिशोब मांडून दाखवला आणि म्हणाला, "एकदाच रिकामं करू. शेवटी, एकदम."

नाराझाकीनं वही मिटली. तिचे कान लाल झाले होते.

मी सहसा बैठकीत तोंड उघडत नसे. त्या दिवशी म्हणालो, "पडकी भिंत कशाला हवी? घर रिकामं झालं म्हणून लगेच पडत नाही. माझ्या गल्लीत या, दाखवतो."

कुवाबाराला वेळ नव्हता. नाराझाकी आली. दुपारची वेळ, उन्हानं गल्ली पांढरी पडलेली. मी लहान होतो तेव्हा या गल्लीत एकोणीस घरांत माग चालत. आता दोन घरांत चालत होते, आणि त्यातला एक दुरुस्तीला होता.

"यातली रिकामी घरं ओळखा," मी म्हटलं.

तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सगळी सारखीच दिसतात."

"ते विजेचं मीटर बघा. आतली चकती फिरत नाहीये. हे एक. या दाराबाहेरची, आग विझवायला पाणी भरून ठेवतात ती लाल बादली बघा, पाणी आटलंय. हे दुसरं. इथं नावाची पाटी होती, तिच्या जागी लाकूड फिकट आहे. आणि ते टोकाचं."

"त्याचं काय? ते तर सगळ्यात स्वच्छ आहे."

"म्हणूनच. शेजारीण आपलं दार झाडताना त्यांचंही झाडते. पण तिथं कुणी येत-जात नाही, म्हणून ते स्वच्छच राहतं. राहत्या घरापुढं चार तरी पानं पडलेली असतात."

ती त्या दारासमोर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आमच्या गावातही असंच होतं. मला आठवतच नव्हतं."

माडीवर परत येऊन मी कुवाबाराला सांगितलं, घराला हात लावू नका. माणूस रोज ज्याला हात लावतो, तेवढंच काढा. धुराचे दोन चौकोनी तुकडे, वाळत घातलेले कपडे, दाराशी ठेवलेलं मडकं, आणि उघड्या दाराऐवजी बंद दार. चार तुकडे पुसायचे, नवीन काढायचा फक्त एक. त्यानं फळ्यावर पुन्हा हिशोब केला. बसत होतं.

"ओगाइतोसान," तो म्हणाला, "तुम्हाला हे सगळं माहीत असणं फार वाईट आहे हो."

खेळ त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात बाजारात आला. एका मासिकानं लिहिलं, चित्रं सुंदर, गोष्ट उदास. दुसऱ्यानं लिहिलंच नाही. दोन महिन्यांत कुवाबारानं सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, की तोक्योची एक मोठी कंपनी आपल्याला सामावून घेतेय. ज्यांना यायचंय त्यांनी चला.

"तुम्हीही चला," मला म्हणाला.

"तिकडं जाऊन मी काय करू?"

"इथं तरी काय आहे तुम्हाला?" त्याच्या तोंडून निघून गेलं. लगेच तो खाली वाकला, दोनदा माफी मागितली. मी म्हटलं, काही नाही, बरोबरच विचारलंत.

सगळे गेले. जाताना त्यांनी मला खेळाचं यंत्र आणि एक कॅसेट भेट दिली. स्टेशनवर नाराझाकी म्हणाली, "तुम्ही अजून एकदाही खेळला नाहीत ना? खेळा. आणि मला फोन करा." तिनं नंबर लिहून दिला.

मी खरंच खेळलो नव्हतो. माझ्यासमोर नेहमी कागद असायचा. तो पडद्यावर गेला की पुढं त्याचं काय होतं, याची चौकशी करायची मला सवयच नव्हती. फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी यंत्र टीव्हीला जोडलं. नायकाचं नाव चार अक्षरांत बसवायचं होतं. माझं आडनाव नेमकं चार अक्षरांचं.

आणि समोर शिओमी आलं. सात घरं, सगळ्यांतून धूर. मी काढलेली लाट किनाऱ्यावर येत होती आणि परत जात होती. कागदावर ती कधी हलली नव्हती. मी बटण दाबून एकेका माणसाशी बोललो. कोळी म्हणाला, वारा बरा आहे. कुंभाराच्या बायकोनं माझ्या शर्टाचं बटण तुटलंय म्हणून सांगितलं. सातव्या घरातली ओशिना आजी म्हणाली, "निघालास? जेवून जा."

बाहेर पडलो, तर पहिल्याच माळावर एका घुबडानं मला मारून टाकलं. ते घुबड मीच काढलं होतं, फार मन लावून.

बोटं चालत नव्हती माझी. ब्रशला सरावलेला हात बटणांवर अडखळायचा. पण खरं सांगायचं, तर अडचण ती नव्हती. एप्रिलपर्यंत मी पहिल्या गुहेच्या तळाशी पोचलो होतो. एक लढाई राहिली होती. ती जिंकलो, की परत आल्यावर कोळ्याचं घर बंद. कुठला तुकडा पुसला जाणार, धूर कुठून जाणार, सगळं मला पाठ होतं. मी तिथूनच मागं फिरलो.

त्यानंतर मी गावातच राहिलो. जेवण झालं की दुपारी टीव्ही लावायचा, सात घरं फिरायची. वारा बरा आहे. बटण तुटलंय. जेवून जा. मला माहीत होतं, की ही प्रत्येकी दोन-तीन वाक्यंच आहेत आणि ती कुणी लिहिलीत. तरीही आजीच्या दाराशी मी शेवटी जायचो, मुद्दाम. एकदा मी पडद्याकडे बघून मोठ्यानं म्हणालो, "आज भाताबरोबर सुगुकीचं लोणचं आहे." आपलाच आवाज ऐकून टीव्ही बंद केला आणि दोन दिवस लावला नाही.

जूनमध्ये फोन वाजला. नाराझाकी होती.

"संपला का खेळ?"

"नाही. गावात आहे."

"कितव्यांदा परत आलात?"

"गेलोच नाही अजून."

 पलीकडे गाड्यांचा आवाज येत होता.

"ओगाइतोसान, चार महिने?"

"सगळे बरे आहेत इथं," मी म्हटलं. "कशाला घालवायचे?"

ती हसली, मग थांबली. "तुम्ही राहिलात तरी ते काही नवीन बोलणार नाहीत. मी लिहिलेलंच नाही. पुढच्या गावांमध्ये लिहिलंय. कोळी तिकडं गेल्यावर जास्त बोलतो. जाऊन भेटा त्याला."

म्हणून गेलो. पावसाळाभर खेळलो. कोळ्याचं घर बंद झालं, मग कुंभाराचं, मग जुळ्या मुलींचं. नव्या गावांत जाऊन एकेकाला शोधून काढलं. नाराझाकी म्हणाली ते खरं होतं, तिथं ते जास्त बोलत. कोळी आता शेतकरी झाला होता, म्हणाला, "अरे तू! किती बरं वाटलं. आज जरा घाईत आहे. ये ना कधीतरी जेवायला." मी पुन्हा बटण दाबलं. "ये ना कधीतरी जेवायला." किती वेळा दाबलं तरी दार उघडत नव्हतं. मला राग आला नाही. आमच्याकडे खरोखरची माणसंही असंच बोलतात, आणि ते मनापासूनच बोलतात.

सप्टेंबरात मिठाचा राजा पडला. तो माझ्या हातचा सगळ्यात कुरूप राक्षस, आणि तरी जरासा देखणाच. मी शिओमीला परतलो. सात बंद दारं. संगीत नव्हतं, फक्त लाटेचा आवाज. आजीचं घरही बंद. मी तिला शोधायला निघालो. सातही गावं पालथी घातली, प्रत्येक विहिरीमागं, प्रत्येक भिंतीला चिकटून बटण दाबलं. तीन आठवडे. ओशिना आजी कुठंच नव्हती.

एका रविवारी दुपारी मी तोक्योला फोन लावला.

"आजी कुठं गेली?" मी विचारलं. नमस्कारही करायचा राहिला.

"सापडली नाही?"

"सगळीकडं पाहिलं. मला वाटलं, माझंच काही चुकतंय."

"नाही," ती म्हणाली. "तुमचं काही चुकत नाहीये. ती नाहीच आहे कुठं. कुवाबारासानना मी सांगितलं, की कॅसेटमध्ये जागा उरली नाही."

"बरं. मग जागेपुढं काय करणार."

"जागा होती, ओगाइतोसान. दोन ओळींची जागा होती. मी तीन महिने ठेवली होती रिकामी." तिचा आवाज बदलला. "शहरातल्या घरात आली ना, तेव्हा माझी आजी बोलायचीच बंद झाली. टीव्हीसमोर बसून असायची. बारा वर्षं. आम्ही काय म्हणू ते ऐकायची, मान हलवायची. मग नव्या गावात ओशिना आजीला काय बोलायला लावू मी? खोटंच लिहावं लागलं असतं. मला नाही लिहिता आलं."

 मी म्हटलं, "माझी आई बहिरी होती. मी ओरडून बोलायचो. ती मान हलवायची. तिला ऐकू येत होतं की नाही, ते मला कधी कळलं नाही."

"विचारलं नाहीत?"

"विचारलं. तिनं मान हलवली."

ती हसायला लागली आणि मग रडायला लागली, आणि मी रिसीव्हर धरून बसून राहिलो. तोक्योत ती ज्या इमारतीत राहते, तिथं शेजारच्या दारावर नावाची पाटीच नाही, म्हणाली. इतक्या महिन्यांत एकदाही कुणी भेटलं नाही. "मीटर फिरतं पण," ती नाक पुसत म्हणाली. "मी रोज बघते."

त्यानंतर दर नव्या वर्षाला तिचं कार्ड यायचं. ती दुसऱ्या कंपनीत गेली, मग तिसऱ्या. खेळांसाठी लिहिणं सोडलं, एका औषध कंपनीची माहितीपत्रकं लिहायला लागली. कार्डावरचा मजकूर कमी होत गेला. मग एका वर्षी आलं नाही. माझं कार्ड मी पाठवत राहिलो. दोन हजार पाच साली ते परत आलं, या पत्त्यावर कुणी नाही असा शिक्का घेऊन.

खेळ मात्र मी ठेवला होता. वर्षातून एकदोनदा लावायचो. सात बंद दारं, लाटेचा आवाज. दोन हजार आठच्या जानेवारीत लावला, तर माझं नावच आलं नाही. साठवलेलं सगळं पुसलं गेलं होतं. जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला कॅसेट दाखवली, तर तो म्हणाला, "आत एक एवढीशी बॅटरी असते. ती संपली की आठवण जाते. चौदा वर्षं टिकली ना, पुष्कळ झालं."

घरी येऊन मी खेळ पहिल्यापासून सुरू केला. चार अक्षरं लिहिली. गाव आलं. सातही घरांतून धूर. मी सरळ सातव्या दाराशी गेलो.

"निघालास? जेवून जा."

हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. कुवाबारा दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेला होता. बाकीच्या मुलांचे पत्ते माझ्याकडे नव्हते. हे ऐकून ज्याला काही वाटेल, असं एकच माणूस होतं. वहीतला जुना नंबर काढला. लागणार नाही हे माहीत होतं, तरी फिरवला. घंटा वाजली. एका बाईनं उचलला.

"नाराझाकीसान?"

"नाही हो," ती म्हणाली. पन्नाशीची असावी. "या नंबरवर कुणी नाराझाकी नाहीत. आम्हाला हा मिळून सहा-सात वर्षं झाली."

"माफ करा. चुकून लागला."

"काही हरकत नाही."

मी ठेवायला हवा होता. तीही ठेवत नव्हती. तिच्या घरात कुठंतरी किटली उकळत असल्याचा आवाज येत होता.

"कुठून बोलताय आपण?" तिनं विचारलं.

"क्योतोहून."

"तिकडं थंडी फार असेल ना या दिवसांत?"

"आहे," मी म्हटलं. "पण आज ऊन पडलंय."

"इकडं नाही पडलं," ती म्हणाली. "सकाळपासून वाट बघतेय."